कच्चं कापू नये, पिकलेलं ठेवू नये : घशातल्या गळवाची गोष्ट



काखेत किंवा मांडीवर गळू आलं, तर घरातली जाणती बाई नुसता हात लावून सांगते, "अजून कच्चं आहे, हात लावू नका." किंवा, "आता पिकलंय, तोंड पडलंय, ठेवू नका." हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलेलं नाही, पिढ्यान्‌पिढ्या बघून कळलेलं आहे. पण तेच गळू घशात, टॉन्सिलच्या मागे आलं तर? तिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही, पोटीस बांधता येत नाही. आणि शेजारूनच श्वासाची वाट जाते. म्हणून घशातल्या गळवानं माणसाला हजारो वर्षं घाबरवलं. काय करावं हे कळायला तितकीच वर्षं लागली.

आज आम्ही तीच गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्याकडच्या सुश्रुतापासून निघते, अमेरिकेतल्या एका मोठ्या माणसाच्या मरणापाशी थांबते, इंग्लंडमधल्या सहा मुलींना भेटते आणि पुण्याजवळच्या पिंपरीला येते. दोन चुका मात्र सगळीकडे त्याच दिसतात. एक, नको तिथे हात घालणं. दुसरी, हवं तिथे हात आखडणं.

आधी हे गळू होतं कसं, ते समजून घेऊ. तोंड मोठं उघडून आरशात पाहिलं तर मध्ये लोंबणारी पडजीभ दिसते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन गाठी असतात, त्या टॉन्सिल. घसा दुखतो तेव्हा बहुतेक वेळा त्यांना सूज आलेली असते आणि ती चार-सहा दिवसांत ओसरते. पण कधी कधी जंतू टॉन्सिलच्या मागच्या पोकळ जागेत उतरतात. तिथे पू साठतो, पुवाभोवती पिशवी तयार होते आणि ती टॉन्सिलला पुढे, पडजिभेला पलीकडे ढकलते. बहुधा एकाच बाजूला दुखतं. ठणका कानापर्यंत जातो. जबड्याचे स्नायू आखडतात आणि तोंडात दोन बोटंसुद्धा शिरत नाहीत. थुंकी गिळवत नाही, लाळ गळते. तोंडात गरम घास धरून बोलावं तसा आवाज येतो. हे दुखणं लहान मुलांपेक्षा तरण्याताठ्या माणसांत जास्त दिसतं. आणखी लहान मुलांत घशाच्या मागच्या भिंतीतही गळू होतं. तेव्हा मूल मान वळवत नाही, दूध-पाणी घेत नाही.

आता सुश्रुताकडे जाऊ. सुश्रुतसंहिता हा शस्त्रक्रियेचा आपल्याकडचा फार जुना ग्रंथ. त्यात घशाच्या रोगांची मोठी यादी आहे आणि तिच्यात गलविद्रधी हे नाव आहे. गल म्हणजे गळा, विद्रधी म्हणजे गळू. सगळा घसा व्यापणारी, फार वेदना देणारी सूज, असं त्याचं वर्णन आहे. उपायही थोडक्यात दिला आहे. गळू नीट पिकलेलं असेल आणि मर्माच्या जागी नसेल, तर ते फोडावं. पिकलेलं हवं ही एक अट, मर्मापासून दूर हवं ही दुसरी.

त्याच ग्रंथात सुजेच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत : आम, पच्यमान आणि पक्व. म्हणजे कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. कच्ची सूज टणक असते, फारशी दुखत नाही. पिकताना सुया टोचल्यासारखं होतं, ताप येतो, बसवत नाही की झोपवत नाही. पिकली की ठणका कमी होतो, कातडी सैल पडते, बोटानं दाबलं तर खड्डा पडतो आणि आतला पू हलतो. पुढे वैद्यांना बजावलं आहे की अज्ञानानं कच्चं कापणारा आणि पिकलेलं तसंच ठेवणारा, दोघेही सारखेच दोषी. यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पिकल्यावर ठणका कमी होतो. म्हणजे दुखायचं कमी झालं म्हणून बरं झालं, असं नेहमीच नसतं.

साधारण दोन हजार वर्षांपूर्वी रोममध्ये सेल्सस नावाच्या लेखकानं वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. वारंवार सुजून टणक झालेल्या टॉन्सिल बोटानं मोकळ्या करून काढाव्यात आणि तसं जमलं नाही तर आकड्यात धरून कापाव्यात, असं त्यानं लिहिलं आहे. भुलीचं औषध तेव्हा नव्हतं. ऐकूनच अंगावर काटा येतो. पण दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर त्याची जागाच काढून टाकावी, हा विचार एवढा जुना आहे.

यानंतरच्या शतकांत युरोपातले वैद्य गळू फोडत होते. सुरीच्या पात्याला कापड गुंडाळायचं आणि फक्त टोक उघडं ठेवायचं, म्हणजे सुरी खोल जाणार नाही. कारण टॉन्सिलच्या मागे साधारण इंचभर अंतरावरून मेंदूला रक्त नेणारी मोठी शीर जाते. हेच सुश्रुताचं मर्म. पण गळू फोडण्याबरोबर आणखी एक उपाय तिकडे सर्रास चाले. तो म्हणजे शीर कापून रक्त काढणं. शरीरातल्या रसांचा तोल बिघडला की रोग होतो आणि रक्त काढलं की तोल सावरतो, अशी समजूत होती. ताप, सूज, घसा, सगळ्यांवर हाच इलाज. या समजुतीची किंमत काय, हे एका रात्रीतून कळतं. त्या रात्रीची हकिगत जवळ असलेल्या माणसानं तेव्हाच लिहून ठेवली, म्हणून ती आपल्याला आज सांगता येते.

जॉर्ज वॉशिंग्टन हे अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष. पद सोडून ते माउंट व्हर्नन इथल्या आपल्या शेतीवर राहत होते. १२ डिसेंबर १७९९ या दिवशी ते घोड्यावरून शेताची फेरी करायला गेले. बर्फ, गारा आणि पाऊस चालू होता. दुसऱ्या दिवशी घसा धरला, आवाज बसला. औषध घ्या म्हटलं तर, आलं तसं जाईल, असं म्हणून ते झोपायला गेले. रात्री दोन-तीनच्या सुमारास त्यांना श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. बायको मार्था उठून कुणाला तरी बोलावू पाहत होत्या, पण त्या नुकत्याच सर्दीतून उठल्या होत्या. थंडीत तू उठू नकोस, असं म्हणून त्यांनी मार्थांना थांबवलं. पहाटे चूल पेटवायला कॅरोलाइन आली. ती त्या घरात गुलाम म्हणून राबणारी बाई. तिनं जाऊन चिटणीस टोबायस लिअर यांना उठवलं. पुढची सगळी हकिगत लिअर यांनीच लिहिलेली आहे.

डॉक्टर येईपर्यंत वॉशिंग्टन यांनी शेतावरच्या मुकादमाला बोलावून रक्त काढायला सांगितलं. त्याचे हात कापत होते. मार्था म्हणाल्या, हे करणं बरोबर आहे की नाही कोण जाणे, पण फार रक्त काढू नका, अपाय होईल. नवऱ्यानं मात्र आणखी काढ म्हणून सांगितलं. मग डॉक्टर आले, एकामागून एक तीन. त्यांनी पुन्हा रक्त काढलं, पुन्हा काढलं आणि दुपारनंतर आणखी काढलं. दिवसभरात मिळून सव्वादोन लिटरच्या आसपास रक्त गेलं. गळ्याला फोड आणणारा लेप लावला. काकवी, व्हिनेगर आणि लोण्याचं चाटण दिलं, ते गिळताना त्यांचा जीव गुदमरला. गुळण्या करताना श्वास कोंडला.

तिघांतले सर्वांत तरुण डॉक्टर एलिशा डिक, वय ३७. ते म्हणाले, आता आणखी रक्त काढू नये, अंगातली ताकद जाईल. त्यांनी आणखी एक सुचवलं. घशातून श्वास जात नाही, तर खाली गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वासनळी उघडावी. ही शस्त्रक्रिया तेव्हा माहीत होती, पण फार क्वचित केली जाई. मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं नाही. १४ डिसेंबरला रात्री दहा ते अकराच्या दरम्यान वॉशिंग्टन गेले. वय होतं ६७. काही आठवड्यांनी दुसरे डॉक्टर ब्राउन यांनी पहिले डॉक्टर क्रेक यांना पत्र लिहिलं. डिक यांचं ऐकून आपण आणखी रक्त काढलं नसतं, तर आपला मित्र कदाचित आज जिवंत असता, असा त्याचा आशय होता.

त्यांना झालं होतं काय? आधी डॉक्टरांना टॉन्सिलमागचं गळू वाटलं होतं. आजच्या बऱ्याच डॉक्टरांना वाटतं की श्वासनळीवरचं झाकण सुजलं होतं. पण मैत्रिणींनो, या गोष्टीतून घेण्यासारखं आहे ते वेगळंच. आजार घशातला, अडलेला श्वास. आणि उपाय चालले हाताच्या शिरेवर. नको तिथे हात घातला आणि हवा तिथे आखडला. फार रक्त काढू नका, हे त्या घरातल्या बाईला सकाळीच कळलं होतं. तिनं विचारलं, पण तिचं कुणी मनावर घेतलं नाही. दवाखान्यात आपण प्रश्न विचारला आणि समोरचा चिडला, तर ही गोष्ट आठवावी. जवळच्या माणसाचा प्रश्न वेडगळ असतोच असं नाही.

पुढचं शतक शोधांचं होतं. घसा आतून पाहायचा कसा, हे एका गायनशिक्षकानं दाखवलं. मॅन्युएल गार्सिया हे त्यांचं नाव. गाताना गळ्यात काय होतं, या कुतूहलापोटी त्यांनी १८५४ मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरला, उन्हाची तिरीप दुसऱ्या आरशानं त्यावर पाडली आणि स्वतःचा कंठ हलताना पाहिला.

मग जंतू सापडले. त्याआधीच, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी दाखवलं होतं की डॉक्टरांनी हात नीट धुतले तर बाळंतिणी तापानं मरायच्या थांबतात. तो ताप कशानं येतो, हे तेव्हा कळलं नव्हतं. १८७९ मध्ये पॅरिसमध्ये डॉक्टरांच्या सभेत लुई पाश्चर यांनी फळ्यावर माळेतल्या मण्यांसारखे ठिपके काढले आणि सांगितलं की बाळंतिणीला मारतो तो हा. माळेसारखे दिसणारे हे जंतू म्हणजे स्ट्रेप्टोकोकस. घसा सुजवणारा, टॉन्सिलमागे गळू करणारा आणि बाळंतिणीच्या अंगात विष पसरवणारा जंतू एकाच घराण्यातला आहे. म्हणून घशाच्या आजाराची गोष्ट आणि बायकांच्या जिवाची गोष्ट एकमेकींना जोडलेल्या आहेत.

शत्रू कळला, पण त्याला मारणारं औषध नव्हतं. १९२८ मध्ये लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना दिसलं की एक बुरशी जंतूंना वाढू देत नाही. त्या बुरशीतलं द्रव्य म्हणजे पेनिसिलिन. पण ते वेगळं काढून औषध करणं जमत नव्हतं. ते काम ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केलं. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस टोचले आणि त्यांतल्या चारांना पेनिसिलिन दिलं. सकाळपर्यंत औषध न दिलेले चारही मेले होते, औषध दिलेले जगले होते.

युद्धाचा काळ होता, भांडी मिळत नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला देतात त्या बेडपॅनमध्येसुद्धा बुरशी वाढवून पाहिली. मग तशाच आकाराची मातीची भांडी मुद्दाम घडवून घेतली. ती भरायची, बुरशी लावायची, वाढ झाली की खालचं पाणी काढून घ्यायचं, पुन्हा भरायचं, हे रोजचं राबणं सहा मुलींनी केलं. पेनिसिलिनच्या मुली म्हणूनच त्या ओळखल्या जात. विरजण लावणाऱ्या, पापड-कुरडया वाळवणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना त्या कामातली निगा वेगळी सांगायला नको. थोडी अस्वच्छता झाली की सगळं फुकट.

१२ फेब्रुवारी १९४१ रोजी ऑक्सफर्डच्या रुग्णालयात अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला हे औषध दिलं गेलं. चेहऱ्यावरच्या जखमेतून जंतू पसरले होते, डोकंभर गळवं झाली होती, एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला, तो जेवू लागला. पण जगात होतं तेवढं औषध पाच दिवसांत संपलं. त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिनसुद्धा गाळून परत वापरलं, तरी पुरलं नाही. आजार उलटला आणि १५ मार्चला तो गेला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन इथे अ‍ॅन मिलर नावाची बाई गर्भपातानंतर महिनाभर तापानं फणफणत होती. रक्तात तेच माळेचे जंतू. तिला पेनिसिलिन मिळालं, पुरेसं मिळालं, आणि ती वाचली. त्यानंतर ती १९९९ पर्यंत, वयाच्या नव्वदीपर्यंत जगली.

त्या पोलिसाचं औषध अर्धवट राहिलं, कारण ते जगातच उरलं नव्हतं. आपल्याकडे आज ते गावच्या दुकानात मिळतं. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आणि आता आपण काय करतो? दोन दिवसांत घसा हलका झाला की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवतो, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी देतो. ज्या माणसाला औषध पुरलं नाही त्याची गोष्ट ऐकल्यावर, पुरेसं असताना अर्धवट सोडणं बरं वाटत नाही.

पण पेनिसिलिन आलं म्हणून सुश्रुताचा नियम संपला नाही. औषध रक्तातून जातं. पुवाच्या पिशवीत रक्त पोचत नाही, म्हणून औषधही नीट पोचत नाही. नुसत्या गोळ्यांवर किंवा इंजेक्शनवर गळवाला दिवस काढायला लावले, तर पू मानेत, खाली छातीपर्यंत उतरू शकतो. कधी पिशवी झोपेत फुटते आणि पू श्वासनळीत जातो. म्हणून आजही आधी पू काढायचा आणि बरोबर औषध द्यायचं, असे दोन्ही उपाय लागतात.

आता दुसऱ्या चुकीकडे येऊ, कच्चं कापण्याच्या. विसाव्या शतकात भूल देणं सोपं झालं आणि टॉन्सिल काढणं ही जणू रीतच झाली. मूल वारंवार आजारी पडतं? काढा टॉन्सिल. अशक्त आहे? काढा. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक पाहणी झाली. शाळेतली अकरा वर्षांची १,००० मुलं घेतली. त्यांतल्या ६११ जणांच्या टॉन्सिल आधीच काढलेल्या होत्या. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांना दाखवली, तर त्यांतल्या १७४ जणांच्या काढायला हव्यात असं त्यांनी सांगितलं. ज्यांना गरज नाही म्हटलं ती २१५ मुलं दुसऱ्या डॉक्टरांपुढे नेली. ती धडधाकट ठरलेली आहेत, हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी ९९ जणांना शस्त्रक्रिया सांगितली. उरलेली ११६ तिसऱ्यांदा दाखवली, तर पुन्हा जवळजवळ निम्म्यांना तोच सल्ला. म्हणजे मुलाचा घसा कसा आहे यापेक्षा, दाखवलेल्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना कापायचं, ही सवयच निर्णय घेत होती. या शस्त्रक्रियेत मुलं दगावतही असत. पुढे अँटिबायोटिक आली, अशा पाहण्या झाल्या, आणि डॉक्टरांनीच हात आवरता घेतला.

मग आज घशातलं गळू आलं तर काय करायचं आणि ते पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं?

एका बाजूला फार दुखतंय, तोंड उघडत नाही, थुंकी गिळवत नाही, आवाज जड झाला, मान सुजली किंवा ताप आहे, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रातून कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, म्हणजे उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात, जावं लागू शकतं. श्वास घेताना आवाज येतो, छाती ओढली जाते, मूल पुढे वाकून लाळ गाळत बसलंय, तर १०८ ला फोन करायचा. अशा वेळी घशात बोट, चमचा, काडी काही घालायचं नाही. दाबून फोडायचं नाही. मुलाला जबरदस्तीनं आडवं करायचं नाही, आईच्या मांडीवर ते जसं बसेल तसं न्यायचं.

दवाखान्यात जागा बधिर करून जाड सुईनं पू ओढून काढतात किंवा छोटा छेद देतात. पू निघाला की बहुतेकांचं तोंड थोड्याच वेळात उघडू लागतं, पाणी गिळता येतं. मग डॉक्टर सांगतील तितके दिवस अँटिबायोटिक घ्यायचं, आधी सलाइनमधून, मग गोळ्या. पूर्वी कधी पेनिसिलिननं अंगावर पित्त उठलं असेल, दम लागला असेल, तर ते आधीच सांगायचं. दिवस गेले असतील किंवा अंगावरचं बाळ असेल तर तेही सांगायचं.

पुन्हा होईल का? दहांतल्या एक-दोघांना होतं, बाकीच्यांना होत नाही. म्हणून एकदा गळू आलं की लगेच टॉन्सिल काढायलाच हवी असं नाही. गळू पुन्हा आलं किंवा आधीपासूनच घसा वारंवार धरत असेल, तर काढण्याचा विचार योग्य ठरतो. नुसत्या घसा धरण्यासाठी आज डॉक्टर साधारण हे माप लावतात : एका वर्षात ७ वेळा, किंवा लागोपाठ दोन वर्षं दरवर्षी ५ वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी ३ वेळा, आणि तेही औषध लागण्याइतका जोर असेल तर. तेव्हा घसा धरला की तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवावी. डॉक्टरनं विचारलं तर "सारखंच होतं हो" यापेक्षा तारखा सांगता आल्या तर निर्णय नेमका होतो.

बाकीचं रोजचं. दात आणि हिरड्या स्वच्छ ठेवायच्या. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हे गळू जास्त दिसतं, हे घरातल्या पुरुषांच्या कानावर घालायचं. साध्या सर्दी-पडशाच्या घशाला अँटिबायोटिक लागत नाही, तिथे मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि विश्रांती पुरते. म्हणजे दुकानातून आपल्या मनानं गोळ्या आणायच्या नाहीत. पण खोकला-सर्दी नाही, ताप जोराचा, घसा लाल, गळ्याला गाठी, असं पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला झालं तर दाखवायलाच हवं. माळेच्या जंतूंवर वेळेत उपचार झाला नाही तर काही मुलांत पुढे सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपा खराब होतात. ज्यांना एकदा असा ताप आला त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन अनेक वर्षं घ्यावं लागतं. मुलगी लग्न होऊन सासरी गेली म्हणून ते बंद पडू द्यायचं नाही. आणि घटसर्पाची लस वेळेवर द्यायची. तोही घशातूनच श्वास कोंडणारा आजार, पण तो लसीनं टळतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक करून बघा. सगळ्यांनी आपापल्या तोंडात आडवी नाही, उभी, एकावर एक तीन बोटं घालून पाहा. धडधाकट बाईला ती सहसा जातात. घसा धरलेल्या माणसाला दोनही जात नसतील, तर ते गळू असू शकतं, हे मग कुणाला वेगळं सांगावं लागणार नाही. जवळच्या कोणत्या रुग्णालयात कान-नाक-घशाचे डॉक्टर कोणत्या वारी असतात, हे आशाताईंना विचारून वहीत लिहून ठेवा. ठणका रात्री दोनला उठला तर तेव्हा ते शोधत बसायला नको.

आज इथेच थांबू. नमस्कार.